अपुऱ्या दिवसांच्या बाळांची केटबाई

सातव्या महिन्यातले मूल जगते, पण आठव्यातले हाती लागत नाही, असे आपल्या आज्या-पणज्या म्हणत असत. हे खरे नव्हे. मूल आईच्या पोटात जितके दिवस अधिक राहील तितके त्याचे बळ अधिक, हे आता आपणा सर्व भगिनींना ठाऊक आहे. परंतु त्या बोलण्यामागची काळजी मात्र खरी होती. अपुऱ्या दिवसांचे मूल जन्माला आले की मूल जगेल ना, या एकाच प्रश्नात साऱ्या घराचा जीव अडकतो. ते दूध ओढू लागले, अंग धरू लागले, म्हणजे देवापुढे नारळ फुटतो. त्याच्या डोळ्यांचा विचार त्या वेळी कोणाच्याही मनात येत नाही.

माझ्याही मनात तो आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेच्या मुलीला आठवा महिना लागतो न लागतो तोच मूल झाले. वजन दीड किलो. तीन आठवडे ते काचपेटीत होते. घरी पाठवताना कागदावर एक ओळ लिहिली होती, की बाळ तीस दिवसांचे होण्याच्या आत त्याचे डोळे तपासून घ्यावेत. घरातली मोठी म्हणून माझे मत विचारले गेले. मी सांगून टाकले, की सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाने उंबरा ओलांडायचा नाही, आणि डोळे तर कसे छान टपोरे आहेत, त्यांत काय बघायचे? ती मुलगी एरवी माझ्या शब्दाबाहेर जाणारी नाही. त्या वेळी मात्र तिने ऐकले नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी ती बाळाला घेऊन गेली. डोळ्याच्या मागच्या पडद्याला आजार सुरू झालेला होता. दुसऱ्याच दिवशी लेझरचे उपचार झाले. आज ते पोर खोलीच्या त्या टोकाला ठेवलेली वाटी बरोबर पाहते आणि धावत जाऊन उचलते. माझे ऐकले असते तर काय झाले असते, हे मनात आले की अजूनही हातातले काम थांबते.

हा आजार काय आहे आणि त्याचे मूळ कोणी शोधले, हे जाणून घ्यावेसे वाटू लागले. मुलाने पुष्कळ माहिती काढून दिली. तिच्यात एका बाईंचे नाव ठळकपणे पुढे आले. त्या बाई म्हणजे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या डॉक्टर केट कॅम्पबेल. त्यांच्या देशात त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. आपल्याकडे ते फारसे कोणी ऐकलेले नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र माझ्या साध्या भाषेत मांडीत आहे.

केट इझाबेल कॅम्पबेल यांचा जन्म २२ एप्रिल १८९९ रोजी मेलबर्नच्या हॉथॉर्न या भागात झाला. वडील कारकून होते. आई लग्नापूर्वी शाळेत शिक्षिका होती. घरात चार भावंडे. पैसाअडका बेताचाच. परंतु मुलीने शिकायचे नाही असे त्या घरात कोणी म्हटले नाही. केट पहिल्यापासून अभ्यासात हुशार. शिष्यवृत्ती मिळवून ती मुलींच्या मोठ्या शाळेत गेली आणि तेथूनही शिष्यवृत्तीच्याच बळावर मेलबर्न विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेऊ लागली.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ज्या वर्षी केटबाई जन्मल्या त्याच वर्षी, म्हणजे १८९९ साली, मेलबर्नमध्ये क्वीन व्हिक्टोरिया नावाचे इस्पितळ उभे राहिले. ते बायकांनी बायकांसाठी काढलेले होते. रोगी स्त्रिया आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच. त्यासाठी निधी कसा जमला? राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षे झाली, त्या १८९७ सालच्या सोहळ्यानिमित्त तेथील स्त्रियांकडून एकेक शिलिंग गोळा करण्यात आला. आपल्यासारख्याच संसारी बायकांनी घरखर्चातून बाजूला काढलेले ते पैसे. मंडळाची वर्गणी फिरून गोळा करणाऱ्या आपल्या भगिनींना त्यामागचे कष्ट निराळे सांगायला नकोत. याच इस्पितळात पुढे केटबाईंनी आपल्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे घालवली.

१९२२ साली केटबाई डॉक्टर झाल्या. त्यांच्या वर्गात एकाहून एक हुशार विद्यार्थी होते. १९६० साली नोबेल पारितोषिक मिळवणारे मॅकफार्लेन बर्नेट त्यांतले एक, आणि पोलिओवरील कामामुळे नावारूपाला आलेल्या जीन मॅकनमारा दुसऱ्या. केटबाई आणि जीनबाई या दोघींना लहान मुलांच्या इस्पितळात काम हवे होते. परंतु तेथील अधिकारी बायकांना घेण्यास राजी नव्हते. कारण काय, तर म्हणे इस्पितळात स्त्री डॉक्टरांसाठी शौचालयाची सोय नाही! बाईला दाराबाहेर ठेवायचे असले म्हणजे कोणतेही कारण पुरते. शेवटी १९२३ साली दोघींनाही तेथे प्रवेश मिळाला. पुढच्या वर्षी केटबाईंनी स्त्रियांच्या इस्पितळात काम केले, आणि त्याच वर्षी, १९२४ साली, एम. डी. ही वरची पदवीही मिळवली. नुकत्याच जन्मलेल्या बाळांकडे त्यांचे मन ओढले गेले आणि मग ते जन्मभर तेथेच राहिले.

त्या काळी नवजात अर्भकाचे निराळे असे वैद्यकशास्त्र जवळजवळ नव्हतेच. बाळंतपण करणारे डॉक्टर आईकडे पाहत आणि मुलांचे डॉक्टर जरा मोठ्या मुलांकडे. मधले ते मूठभर बाळ, त्यातून अपुऱ्या दिवसांचे, दाईच्या आणि दैवाच्या हवाली असे. केटबाईंनी त्याला आपले म्हटले. १९२६ साली त्या क्वीन व्हिक्टोरिया इस्पितळात मुलांच्या मानद डॉक्टर झाल्या. पुढे दहा वर्षे एसेंडन या उपनगरात त्यांनी साधा घरगुती दवाखानाही चालवला. त्याच्याच जोडीला त्या बालसंगोपन केंद्रांचे काम पाहू लागल्या. या केंद्रांत आया आपली तान्ही मुले घेऊन येत. तेथे परिचारिका बाळाचे वजन करीत, दुधाविषयी सल्ला देत आणि मातेच्या शंका दूर करीत. १९२९ पासून मेलबर्न विद्यापीठात नवजात बालकांविषयी शिकवण्याचे काम केटबाईंकडे आले. डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या त्यांच्या हाताखाली शिकल्या. डॉक्टर व्हेरा स्कँटलबरी ब्राउन या आपल्या सहकारी बाईंबरोबर त्यांनी लहान मुलांच्या संगोपनावर एक पुस्तक लिहिले. ते १९४७ साली निघाले.

बाळाला दूध किती आणि कसे द्यावे, त्याची कावीळ, त्याला होणारा जंतुसंसर्ग, अशा अनेक विषयांवर केटबाईंनी काम केले. परंतु त्यांचे नाव जगभर झाले ते डोळ्यांच्या एका आजारामुळे.

त्यासाठी आपल्याला क्षणभर अमेरिकेत जावे लागेल. १९४२ साली बॉस्टन शहरातील नेत्रतज्ज्ञ डॉक्टर थिओडोर टेरी यांनी एक विचित्र गोष्ट प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांची काही मुले जन्मल्यावर जगली, वाढली, आणि काही महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांतल्या भिंगामागे एक पांढुरका पडदा दिसू लागला. मुले आंधळी झाली होती. टेरींना आधी एकदोन मुले दिसली, मग आणखी दिसली, आणि पाहता पाहता निरनिराळ्या देशांतून तशाच बातम्या येऊ लागल्या. १९५३-५४ पर्यंत जगात सुमारे १०,००० मुले या आजाराने दृष्टी गमावून बसली, असा अंदाज केला जातो. अमेरिकेतील प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर यांचा जन्म १९५० सालचा. तेही अपुऱ्या दिवसांचे, आणि त्यांची दृष्टी याच आजाराने गेली.

सगळ्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की जेथे उत्तम इस्पितळे, नवी यंत्रे, भरपूर पैसा, तेथेच हा आजार अधिक. साध्यासुध्या इस्पितळांत तो क्वचितच. डॉक्टरांनी हरतऱ्हेने शोध केला. कोणी म्हणे जीवनसत्त्वे कमी पडतात, कोणी म्हणे लोह जास्त होते, कोणी उजेडाला दोष दिला, कोणी दुधाला. प्राणवायूला मात्र बहुतेकांच्या मनाने दोष दिला नाही. देणार तरी कसा? अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे पडतात. काचपेटीत प्राणवायू सोडला की तेच बाळ गुलाबी दिसू लागते. ज्याने जीव वाचतो तो डोळे कसा घेईल? दुसऱ्या महायुद्धानंतर घट्ट बंद होणाऱ्या नव्या काचपेट्या आल्या आणि त्यांतून प्राणवायू पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक व अधिक दिवस देता येऊ लागला. बाळाला तो हवासा दिसो वा न दिसो, असू द्यावा म्हणून दिला जाई.

प्राणवायूने डोळ्याचे नुकसान कसे होते, हे समजण्यासाठी डोळ्याची घडण थोडी पाहिली पाहिजे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. आपण जे पाहतो त्याचे चित्र त्यावर उमटते. या पडद्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या गर्भात सुमारे चौथ्या महिन्यापासून मधोमध फुटू लागतात आणि हळूहळू कडेकडे सरकत जातात. कडेपर्यंत पोचायला त्यांना थेट नववा महिना लागतो. म्हणजे सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्याच्या कडा अजून उघड्याच असतात.

आपल्या उपनगरांत नव्या चाळी उठल्या तेव्हा नळाचे पाणी कसे आले, हे जुन्या भगिनींना आठवत असेल. मोठ्या रस्त्यावरून नळ घालीत घालीत शेवटच्या घरापर्यंत न्यायचा. समजा, मध्येच रोज टँकर येऊ लागला आणि दारोदार पाणी मिळू लागले, तर नळ घालणारे म्हणतील, पाणी आहेच की, मग कशाला खोदायचे? काम थांबते. पुढे एक दिवस टँकर बंद होतो. शेवटच्या घरांना तहान लागलेली. मग जो तो मिळेल तेथून रबरी नळ्या ओढतो. त्या वेड्यावाकड्या, फुटक्या. पाणी भिंतीत मुरते आणि एक दिवस भिंतच खचते. बाळाच्या डोळ्यात असेच घडते. बाहेरून भरपूर प्राणवायू मिळाला की वाहिन्या आकसतात आणि त्यांची वाढ थांबते. पुढे पडद्याच्या कडा भुकेल्या होतात व रक्ताची मागणी करतात. मग घाईघाईने नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्त झिरपते, व्रण धरतात, आणि ते व्रण आकसताना पडदाच जागेवरून ओढून काढतात. पडदा सुटला की दृष्टी गेली.

हे सारे पुढे कळले. १९५१ साली केटबाईंपुढे फक्त आंधळी झालेली बाळे होती आणि एक शंका होती. त्या वेळी त्या ५२ वर्षांच्या होत्या. त्यांनी काय केले? कोणते मोठे यंत्र आणले नाही, प्रयोगशाळा उघडली नाही. मेलबर्नमधल्या तीन संस्थांत जन्मलेल्या व वाढवलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची नोंद पाहिली आणि मोजणी केली. एका संस्थेत नव्या काचपेटीतून प्राणवायू सढळ हाताने दिला जाई. तेथील १२३ बाळांपैकी २३ बाळांना हा आजार झाला होता, म्हणजे शंभरात जवळजवळ १९. उरलेल्या दोन संस्थांत प्राणवायू बेताने, गरजेपुरता दिला जाई. तेथील ५८ बाळांपैकी ४ बाळांना आजार झाला होता, म्हणजे शंभरात सुमारे ७. मुले तशीच, शहर तेच, काळही तोच. मोठा फरक होता तो प्राणवायूच्या मापात.

जुलै १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. अवघी दोन-तीन पाने. त्यातही त्यांनी मोठा दावा केला नाही. प्राणवायूचा अतिरेक हे या आंधळेपणाचे एक संभाव्य कारण असावे, इतकेच त्या म्हणाल्या. मला या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. डॉक्टरमंडळी जे काम पुण्याचे समजून करीत होती तेच बाळांना भोवते आहे, असे आपल्याच गावात, आपल्याच सहकाऱ्यांसमोर मांडायचे, ही सोपी गोष्ट नव्हे. दुसऱ्याची चूक दाखवणे सोपे असते. आपल्या मायेत चूक असेल, ही शंका मनात येऊ देणे फार अवघड. दीड किलोच्या बाळाला उंबऱ्याआत अडवताना माझीही मायाच होती.

त्याच सुमारास इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात डॉक्टर मेरी क्रॉस या बाईंनाही हीच शंका आली होती. अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठीचे तेथील केंद्र त्या चालवीत. प्राणवायूचा वापर वाढला आणि पाठोपाठ आंधळेपणा वाढला, हे त्यांच्या ध्यानात आले. पृथ्वीच्या दोन टोकांना असलेल्या दोन बाया, दोघीही रोजच्या रोज बाळे हाताळणाऱ्या, आणि दोघींची नजर एकाच ठिकाणी गेली.

तरीही पुष्कळांना ते पटेना. मोजणीवरून शंका घेता येते, पण खात्री व्हायला अधिक काही लागते. अमेरिकेत वॉशिंग्टनमधील डॉक्टर आर्नल पॅट्झ यांनी काही बाळांना भरपूर आणि काहींना बेताने प्राणवायू देऊन पाहण्याचे ठरवले. तेव्हा बेताने प्राणवायू देणे हेच पाप, असे अनेकांना वाटे. रात्रपाळीच्या काही परिचारिका तर गुपचूप जाऊन बाळांचा प्राणवायू वाढवून ठेवीत. त्यांना दोष तरी कसा द्यावा? निळसर पडलेले बाळ पाहून आपणही तेच केले असते. लंडनमध्ये डॉक्टर नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. मांजरीची पिल्ले डोळे मिटून जन्मतात, आणि जन्मतेवेळी त्यांच्या दृष्टिपटलावरील वाहिन्या अपुऱ्या असतात. अधिक प्राणवायूने त्या वाहिन्या मिटून जातात, हे त्यांनी डोळ्यांनी दिसेल असे दाखवले. शेवटी १९५३ साली अमेरिकेतील १८ इस्पितळांनी मिळून मोठी चाचणी घेतली. १९५४ साली तिचा निष्कर्ष जाहीर झाला आणि शंकेला जागा उरली नाही. केटबाईंची मोजणी खरी ठरली. काचपेटीत प्राणवायू शेकडा ४० च्या वर जाऊ नये, असा दंडक पडला. बाळे आंधळी होण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले.

ही गोष्ट येथे संपली असती तर फार गोड झाली असती. परंतु तसे झाले नाही, आणि ते लपवणे बरे नव्हे. डोळ्यांच्या भीतीने पुढे प्राणवायू इतका आखडता दिला जाऊ लागला, की काही बाळे त्यावाचून दगावली. फुप्फुसांच्या आजाराने होणारे मृत्यू वाढल्याचे १९६० साली डॉक्टरांच्या ध्यानात आले. अति तेथे माती, हे जितके खरे तितकेच कमी पडले तेथेही माती, हेही खरे. मग बाळाच्या रक्तात प्राणवायू नेमका किती आहे, हे मोजण्याची साधने निघाली. आज काचपेटीतल्या बाळाच्या इवल्या पायाला लाल दिव्याची पट्टी बांधलेली आपण पाहतो, ती त्यासाठीच. ते माप किती राखावे, याचा शोध पुढेही चालू राहिला. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले, की माप फार खाली ठेवले तर डोळे वाचतात पण मृत्यू वाढतात. म्हणून साधारण ९० ते ९५ च्या दरम्यान ते ठेवण्याचा प्रघात आहे. भाकरीच्या तव्याखालची आच जशी एकदा लावून चालत नाही, सतत पाहत राहावी लागते, तसेच हे आहे.

आता पुन्हा केटबाईंकडे वळू. त्यांनी लग्न केले नाही. दवाखाना, इस्पितळ, विद्यार्थी आणि बाळे, यांतच त्यांचे दिवस गेले. १९६४ साली त्यांना वैद्यकशास्त्रातील कामगिरीबद्दल एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका पारितोषिक मिळाले. १९६५ साली त्यांनी इस्पितळातले आणि विद्यापीठातले काम सोडले. १९६६ साली मेलबर्न विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ऑस्ट्रेलियातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १९७१ साली त्यांना डेम हा मोठा किताब मिळाला. पुरुषाला जसे सर म्हणतात तसे हे स्त्रीसाठीचे संबोधन. ज्या बाईंना एके काळी शौचालयाच्या सबबीवर दाराबाहेर ठेवू पाहिले, त्यांनाच पुढे सारा देश मान देऊ लागला. १२ जुलै १९८६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्या वारल्या.

केटबाईंच्या जन्मतारखेवरून मला आपल्या एका मोठ्या माणसाची आठवण झाली. केटबाईंनंतर बरोबर पाच दिवसांनी, २७ एप्रिल १८९९ रोजी, गोव्यातील शिरोडा गावी डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले आणि तेथेच पुढे स्त्रीरोगाचे प्राध्यापक झाले. काही स्त्रियांचा गर्भ दरवेळी मधल्याच महिन्यांत निसटतो, कारण गर्भाशयाचे तोंड अवेळी उघडते. ते टाका घालून बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया शिरोडकरांनी काढली व १९५५ साली प्रसिद्ध केली. शिरोडकर टाका म्हणून ती जगभर ओळखली जाते. केटबाईंच्याच मेलबर्नमध्ये डॉक्टर इयन मॅक्डोनल्ड यांनी १९५७ साली तशा टाक्याची एक सोपी रीत सांगितली. शिरोडकरांचे निधन ७ मार्च १९७१ रोजी झाले. लवकर आलेल्या बाळाचे डोळे राखण्याची वाट एकीने दाखवली आणि बाळ लवकर येऊच नये याची तजवीज दुसऱ्याने केली. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा डोळ्याच्या पडद्याला पुढे नेतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दोघांचे काम एकमेकांशी जोडलेले दिसते.

आता आपल्यापुरते बोलू. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. इतकी जगात दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. पूर्वी यांतली पुष्कळ बाळे जगत नसत. आता गावोगावी काचपेट्या आल्या, बाळे जगू लागली, आणि त्यामुळेच हा आजार आपल्याकडे वाढला. श्रीमंत देशांत तो फार लहान बाळांना होतो. आपल्याकडे दीड किलोच्या वरच्या बाळांनाही होतो, कारण प्राणवायूचे माप सर्व ठिकाणी सारखे काटेकोर राखले जात नाही. म्हणून आपल्या देशाचा नियम असा आहे, की जे बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मले, किंवा ज्याचे वजन २ किलोपेक्षा कमी आहे, त्याचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलेच पाहिजेत. २८ आठवड्यांच्या आतले किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ असेल तर आणखी आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच.

हा आजार वरून दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडत नाही. बुबुळात पांढरे दिसू लागते तेव्हा बहुधा वेळ गेलेली असते. तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून डॉक्टर मागचा पडदा पाहतात. बाळ थोडा वेळ रडते, आणि पाहणाराचे काळीज हलते. परंतु ते रडणे घटकाभराचे असते. एकदा तपासून भागत नाही. पडद्यावरील वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या असे डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा जावे लागते. उपचार हवा असे ठरले तर तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. लेझर किंवा डोळ्यात द्यावयाचे औषध, असे उपचार आज आहेत आणि वेळेवर झाले तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते.

आता सव्वा महिन्याचे गणित करून पहा. सव्वा महिना म्हणजे चाळीस दिवसांच्या आसपास, आणि डोळ्यांची मुदत तीस दिवसांची. बाळबाळंतिणीला विश्रांती मिळावी, बाहेरची बाधा होऊ नये, म्हणून आपल्या आयांनी तो रिवाज घातला आणि त्यात शहाणपण होते. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी तोच रिवाज डोळ्यांवर उठतो. अशा बाळाला गुंडाळून, छातीशी धरून, तपासणीपुरते बाहेर न्यावे. रिवाज मोडल्याचे पाप लागत असेल तर ते घरातल्या थोरल्या बाईने आपल्या डोक्यावर घ्यावे. सुनेवर किंवा मुलीवर ते ओझे टाकू नये.

आपले मंडळ दरवर्षी डोहाळजेवणे करते, बारशाला पाळणे म्हणते, बाळंतिणीला डिंकाचे लाडू देते. माझी एवढीच विनंती आहे, की ज्या घरी अपुऱ्या दिवसांचे बाळ आले असेल तेथे लाडवांचा डबा घेऊन जाणाऱ्या भगिनीने दोन प्रश्न विचारावेत. बाळ किती आठवड्यांचे आणि किती वजनाचे जन्मले? आणि डोळे दाखवण्याची तारीख कोणती आहे? कागदावर तारीख नसेल तर ती मागून घ्यायला सांगावे, आणि घरात बाळंतिणीबरोबर जायला कोणी नसेल तर आपल्यातल्या एकीने तिच्याबरोबर जावे. मी जायला तयार आहे. माझे नाव कार्यालयातील वहीत लिहून ठेवले आहे.